खालचं पाणी वर

माय, मी समुद्रात उतरले. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझी सवय मला माहीत आहे. मधलं काही ऐकून न घेता शेवट विचारायचीस. "मंग झालं काय?" म्हणायचीस आणि चुलीकडे तोंड फिरवायचीस. तर झालं हे. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, कुणाचा हात न धरता, याच दोन गुडघ्यांवर. आता बाकीचं निवांत ऐक. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, आता तुला कुठं कामावर जायचंय.

गुडघे दोन्ही गेलेत. उठताना असा आवाज करतात की शेजारचीला वाटतं आमचं दार वाजलं. डॉक्टर म्हणाला बदलायचे, महिनाभराने. आतलं हाड कापून लोखंडाचं काहीतरी बसवतात. नात म्हणाली, लोखंड नाही गं आजी, टायटॅनियम असतं. मी म्हटलं, भंगारवाल्याला दोन्ही सारखंच. तर ते बसवलं की पुढे कितीतरी दिवस वाळूत चालायचं नाही, ओल्यात पाय टाकायचा नाही, खाली मांडी घालायची नाही. हे ऐकलं आणि घरी येऊन मी मुलाला सांगितलं, मला त्याच्या आधी समुद्रात उतरायचंय. तो म्हणाला, "आई, आधी ऑपरेशन होऊ दे, मग तू म्हणशील तिथे नेतो." मी म्हटलं, "मग नाही, आधी. तुझ्या डॉक्टरच्या गुडघ्यांनी नाही जायचं मला. माझ्या मायने दिलेल्या गुडघ्यांनी जायचंय." सुनेने टीव्हीचा आवाज कमी केला. मी आजवर कधी कुठे जायचंय म्हटलं नव्हतं, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मुंबईत जन्म घालवला आणि समुद्र बघितला नाही असं नाही. बघितला, लांबून. मुलं लहान होती तेव्हा जुहूला नेलं होतं, मी वाळूत चपला सांभाळत बसले. कुणीतरी बसावं लागतंच. पुढे नात विचारायची, आजी तू का नाही येत? मी म्हणायचे, साडी खराब होते. साडी कसली खराब होते, जुनेर नेसून गेले होते.

खरं कारण दादरचं. तुला आठवतं की नाही कोण जाणे. डिसेंबर महिना, वाकोल्याहून आपण दादरपर्यंत चालत गेलेलो, चैत्यभूमीला. सगळीकडे पांढरी माणसं, पांढऱ्या साड्या, पांढऱ्या टोप्या. तू ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलीस, त्याला डांबराच्या गोळीचा वास येतोय. रांग हलत नाही. आणि बाजूलाच तो समुद्र. मी गावाकडची पोर, एवढं पाणी एका जागी असतं हे मला माहीतच नाही. तुझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि गेले कडेला. पाणी आपणहून माझ्या पायावर आलं. मी आणखी दोन पावलं पुढे टाकली, तेवढ्यात पाठीत तुझा धपाटा. "कुणाला इचारलंस?" मी म्हटलं, "कुणाला विचारायचं?" तू इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस. तुलाही माहीत नव्हतं कुणाला विचारायचं. तरी म्हणालीस, "इचारल्याबिगर पाण्याला पाय लावायचा न्हाई." आणि ओढत रांगेत नेलंस. माय, ज्या माणसाने आपल्या लोकांना तळ्यावर नेऊन ओंजळीने पाणी प्यायला लावलं, त्याच्याच पायाशी जायच्या रांगेत उभी राहून तू मला हे सांगत होतीस. मला ते कळायचं वय नव्हतं. कळलं तेव्हा तू गेली होतीस, नाहीतर सोडली नसती तुला.

पण तू कुठल्या नदीवरून आलीस ते मी विसरले नाही. वर गावाचं पाणी, खाली आपलं. वर त्यांच्या म्हशी डुंबायच्या, त्यांची धुणी व्हायची, आणि ते सगळं वाहत आपल्याकडे यायचं. आपण वाळूत खड्डा करायचो आणि त्यात पाझरलेलं पाणी निवळायची वाट बघत बसायचो. वरच्या अंगाला पाऊल पडलं की आधी शिवी यायची, मग दगड. मुंबईला आलीस तर ती नदी तुझ्याबरोबर आली. वाकोल्याच्या नळावर आपला हंडा पुढे असला तरी तू तो मागे सरकवायचीस. मरोळला कारखाने बांधत होते तेव्हा तू घमेली वाहायचीस, मी दुपारची भाकरी घेऊन यायचे. तिथे पाण्याचं पिंप भरलेलं असायचं. बाकीच्या बाया खुशाल हात बुचकळायच्या. तू मुकादमाला विचारायचीस. मुकादम आपल्याच वस्तीतला, त्याला हसू यायचं. "अक्का, धू की, पिंप काय माझ्या बापाचं आहे?" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तू परत विचारायचीस.

आणि माझ्या लग्नात तू तांब्या दिलास. पितळी, झाकणाचा. मला वाटलेलं पाटल्या नाहीत तर निदान साडी देशील. तू तांब्या हातात ठेवलास आणि कानाशी म्हणालीस, "कुणाम्होरं वंजळ धराया नगं." मी रागावले होते तेव्हा. पण तो तांब्या मी कधी सोडला नाही. दवाखान्यात नेते, लग्नाला नेते, बाजूच्या सोसायटीत हळदीला गेले तरी पिशवीत असतो. नातीला लाज वाटते. म्हणते, "आजी, बाटली मिळते गं सगळीकडे." मी म्हणते, "बाटली तुला तुझ्या मायने दिली का?"

तर गेलो आम्ही. मुलगा, सून, नात आणि मी. बोरीवलीहून गाडी केली, विरारच्या पुढे, पार पालघरच्या बाजूला. रविवार नको म्हटलं मी, मला तमाशा करायचा नव्हता, म्हणून मुलाने मधल्या वाराची रजा टाकली. थंडी म्हणजे आपली मुंबईची थंडी, नावाला. तरी सुनेने मला मफलर गुंडाळला, मी हायवेला लागल्यावर काढून तिच्याच मांडीवर ठेवला. मग रस्ता बारीक होत गेला, दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, अंगणात दोरीवर मासळी वाळत घातलेली. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर ही एवढी वाळू. माणूस कुणी नाही, नाही म्हणायला एक टपरी, एक कुत्रं, आणि लांब खाडीच्या काठाला चारपाच जणांचा घोळका.

समुद्र पार लांब गेलेला. ओहोटी होती. उजव्या हाताला नदी येऊन त्याला मिळत होती, तिथे तिला खाडी म्हणतात. पाणी सावकाश समुद्राकडे चाललेलं. टपरीवाली शहाळी तासत होती, मी तिला विचारलं, "उतरता येईल का गं आता?" ती म्हणाली, "आता नको आजी, पुढे सगळा चिखल आहे, रुतशील. जेवून घ्या. भरती लागली की समुद्र येतोच इकडे. मग वाळूच्या बाजूला उतर, खाडीच्या तोंडाशी नको." मुलाला बरं वाटलं. त्याला वाटलं जेवल्यावर मला झोप येईल.

जेवायला खाडीच्या काठाला बसायचं ठरलं, कारण तिथे सुरूची सावली होती. त्या घोळक्यानेही तिथेच खुर्च्या टाकल्या होत्या, पण जागा भरपूर होती, त्यांच्या वरच्या अंगाला अख्खं झाड मोकळं. मी चटई उचलली आणि त्यांना ओलांडून खालच्या बाजूला गेले, उन्हात. नात म्हणाली, "आजी, अगं सावली तिकडे आहे." मी म्हटलं, "इकडे बरं आहे." मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डबे उचलून मुकाट मागे आला. त्याला माहीत आहे. मी आधी पाणी कुठून कुठे वाहतंय ते बघितलं होतं आणि मग त्या लोकांच्या खाली जाऊन बसले होते. ठरवून नाही गं केलं. पायांनीच केलं. समुद्रात उतरायला निघालेली बाई, आणि पाय अजून गावच्या नदीवर.

भाकरी, ठेचा आणि अंड्याचा रस्सा. ऊन डोक्यावर, पण जेवण झकास झालं. जेवल्यावर मी रिकामे डबे घेऊन काठाला बसले. नात ओरडली, "आजी, इथे नसतं धुवायचं, घरी धुऊ ना." रश्श्याचा डबा तसाच बंद करून बोरीवलीपर्यंत न्यायचा, आणि मग वाळलेली तर्री कुणी खरवडायची? ती खरवडणार आहे? मी मूठभर वाळू घेतली, डबा घासला आणि विसळला. लाल तवंग पाण्यावर पसरला आणि चालायला लागला. मी दुसरा डबा घेतला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो मावशी. तुमचं तेल येतंय इकडे. जरा खाली जाऊन धुवा ना."

त्या घोळक्यातली एक बाई. चष्मा, डोक्यावर मोठी टोपी, पाय पाण्यात सोडून बसलेली. माय, तोंड वेगळं होतं, टोपी वेगळी होती, पण वाक्य तेच. खाली जा. मी उठायलासुद्धा लागले. हात टेकला, एक गुडघा सरळ केला. आणि तसंच अर्धवट उभं राहून मला कळलं की मी खालीच आहे. तिच्या खालीच तर बसलेय, उन्हात, मुद्दाम. मग माझं तेल तिच्याकडे कसं गेलं? मी पाण्याकडे बघितलं. तवंग चालला होता तिच्याकडे, अगदी आरामात, नवरीच्या चालीने. त्याच्या मागून सुरूची एक काडी, तीही वरच. काठाचा फेस वर. सगळं पाणी समुद्राकडून फिरून आत चाललेलं, नदी आली होती तिकडे परत.

मी पुन्हा खाली बसले. म्हटलं, "बाई, मी खालीच आहे. जन्मभर खालीच बसत आले. आता पाणीच वर चाललंय, तर मी काय करू? त्याला सांग."

तिने पाण्याकडे बघितलं. "हां, खरंच की," म्हणाली आणि पाय वर घेतले. "असं कसं?"

टपरीवालीने तिकडूनच सांगितलं, "भरती लागली. आता तिन्हीसांजेपर्यंत जाईल वर, पार त्या पुलाच्या पलीकडे."

मी विचारलं, "रोज?"

"रोजच की. दिवसातून दोनदा."

माय, दिवसातून दोनदा. कुणाला विचारत नाही, कुणाची शिवी खात नाही, खालचं पाणी उठतं आणि वर जातं. आपण गावात होतो तेव्हाही जात असणार. तू त्या खड्ड्यापाशी पाणी निवळायची वाट बघत बसायचीस, तेव्हा इकडे हे चालूच असणार. आपल्याला कुणी बोललं नाही, कारण आपली नदी समुद्रापासून फार लांब होती.

मी हसायला लागले. हातात खरकटा डबा, आणि हसू थांबेना. सुनेला वाटलं ऊन लागलं. ती टोपीवाली बाई आधी बावरली, मग तीही हसायला लागली, म्हणाली, "सॉरी हां मावशी. पण वास भारी येतोय. कसला रस्सा होता?" मी म्हटलं, "अंड्याचा. आता तुझ्याकडे आलाच आहे तर घे चाखून." मनाने वाईट नव्हती बिचारी. तिला काय माहीत तिने कुठलं वाक्य उचललं ते. मीही सांगितलं नाही. सगळ्यांना सगळं सांगत बसलं तर भरती निघून जाईल. पण दुसरा डबा मी तिथेच धुतला, सावकाश, दोनदा वाळू लावून. तेल गेलं वर. मग उठले, चटई झटकली आणि नेऊन सावलीत टाकली, त्या मोकळ्या झाडाखाली, सगळ्यांच्या वर. नात म्हणाली, "आता का? आता तर जेवून झालं." मी म्हटलं, "आता बसायचंय म्हणून."

दुपार कलली तसा समुद्र वाळूवर आला. मुलगा माझ्या आधी पाण्यापाशी जाऊन उभा राहिलेला, वॉचमनसारखा. "आई, घोट्यापर्यंत. कळलं ना?"

"बरं."

"घोट्यापर्यंत म्हणजे घोट्यापर्यंत."

"तू माझा बाप आहेस का?"

चपला सुनेच्या हातात दिल्या. म्हटलं, आज तू सांभाळ. साडी गुडघ्याच्या वर खोचली, तांब्या काखेत मारला. नात हात धरायला आली, तिला म्हटलं, तू लांबून फोटो काढ, मी पडले तर पडतानाचा नको. आणि चालले. पहिलं पाणी गार लागलं, इतकं की दात वाजले. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, त्याने डावा गुडघा कचकन बोलला. मी त्याला म्हटलं, तुझे थोडेच दिवस राहिलेत, नीट वाग. घोटे बुडले, मागून मुलगा, "आई, बास." पोटऱ्या बुडल्या, "आई." मांड्या बुडल्या तेव्हा त्याने हाक मारायचं सोडून दिलं, चप्पल-पँटीसकट पाण्यात शिरला आणि माझ्या मागे हातभर अंतरावर उभा राहिला. धरलं नाही मात्र. माझाच मुलगा आहे, धरलं असतं तर काय ऐकलं असतं ते त्याला माहीत आहे.

कमरेपर्यंत गेले आणि थांबले. उभी राहिले ना मी. डोलत होते, पण उभी होते. समोर बघायला काही नव्हतं, नुसतं पाणी आणि वर पांढरट आभाळ. मग एक मोठी लाट आली, छातीवर आपटली आणि तोंडात गेली. शी, काय चव आहे गं त्याची. एवढ्या घाण पाण्यासाठी मी तुझा धपाटा खाल्ला. तोंडातलं थुंकले, डोळे पुसले, आणि मोठ्याने म्हटलं, "कुणाला विचारलं नाही मी." मुलाने विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "तुला नाही म्हटलं."

काठावर ती टोपीवाली टाळ्या वाजवत होती. नंतर आपल्या लोकांना म्हणत होती, "मावशी जातात, आणि आपण बघा." मग तीही टोपी ठेवून आली पाण्यात, गुडघ्यापर्यंत येऊन किंचाळली आणि परत पळाली. तिचे गुडघे चांगले आहेत, पण उपयोग काय.

परतताना खाडीपाशी थांबले आणि तांब्या भरून घेतला. नदीचं आणि समुद्राचं एकत्र झालेलं पाणी, कुठलं कुणाचं ते सांगता यायचं नाही. मी ते वरून घेतलं, त्या लोकांच्या खुर्च्या होत्या त्याच्याही वरच्या अंगाला जाऊन. वाकून हात घातला आणि भरला. जन्मात पहिल्यांदा त्या तांब्यात असं पाणी पडलं की जे मी घरून नेलं नव्हतं.

घरी आल्यावर गुडघे सुजून मडक्यासारखे झाले. आठवडाभर मुलगा बोलत होता, मी ऐकत होते. बोलू दे. नातीने तो फोटो सगळ्यांना पाठवला, नात्यात बघायचं कुणी उरलं नाही. त्यात मी पाठमोरी आहे, काखेत तांब्या, साडी फुगलेली. जावेने फोन करून विचारलं, या वयात हे काय. मी म्हटलं, या वयात नाही तर कधी, मेल्यावर राख टाकायला येशील तेव्हा?

हे सगळं मी नातीच्या जुन्या वहीत लिहिलंय. तू मला तिसरीपर्यंत शाळेत पाठवलंस, तेवढ्यावर एवढं झालं, हात दुखला. हे कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतंस तर त्याला आपल्या घरातलं सगळं कळलं असतं. परवा दवाखान्यात भरती व्हायचंय, त्याच्या आधी ही पानं फाडून तांदळाच्या डब्याखाली सारते.

तांब्या ओट्याखाली झाकून ठेवला होता. सुनेने एकदा झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत लावलं. शहाणी आहे. पण खारं पाणी पितळेला चालत नाही, काठ हिरवा पडायला लागला. ओतायलाच हवं होतं. दोनदा मोरीपाशी घेऊन गेले. भांडी घासलेलं पाणी जातं तिथे ते ओतवेना. शेवटी दुपारी कुणी नसताना खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. खाऱ्या पाण्याने झाड मरतं हे मला कळत नाही असं नाही. सून रोज विचारते, एवढा चांगला कढीपत्ता एकदम कसा काय वाळला. मी सांगितलंय, थंडीने.